ओळख



दरवर्षी या वार्षिकासाठी काही तरी लिहून द्यावे असा संपादक-बंधूंचा आग्रह असतो, आणि दरवर्षी आम्ही शुद्धलेखनावरील अथवा वाचनाच्या सवयीवरील एखादा निरुपद्रवी लेख देऊन आपली सुटका करून घेतो. यंदा मात्र तसे करवत नाही. गेल्या पावसाळ्यात मधल्या सुटीत घडलेला एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. आठ-दहा मुलांनी नव्यानेच शाळेत आलेल्या एका मुलास पाण्याच्या टाकीजवळ गाठून त्याच्या जातीवरून व त्याच्या आईच्या कामावरून चिडविण्यास आरंभ केला होता. थोड्याच अंतरावर त्याच्या बाकावरील सोबती उभा होता. ‘हा तुझा दोस्त ना रे?’ असे त्यास कोणी तरी विचारिले. त्याने एकवार आपल्या मित्राकडे पाहिले, मग त्या टोळीकडे पाहिले आणि तो म्हणाला, ‘नाही. नुसता जवळ बसतो.’

चिडविणाऱ्या मुलांस योग्य ते शासन झाले. परंतु त्या सोबत्यास आम्ही काहीच बोललो नाही. एक तर त्याने शाळेचा कोणताही नियम मोडिला नव्हता. दुसरे असे की, त्याचे ते चार शब्द कानी पडताच तीस वर्षांपूर्वीचा आमचाच आवाज आम्हांस ऐकू आला; आणि ज्या अपराधाचे आम्ही स्वतः धनी, त्याबद्दल दुसऱ्यास दटावण्यासाठी आमची जीभ उचलेना. जे त्या दिवशी बोलता आले नाही ते आज लिहीत आहो.

आमचे जन्मगाव आसेगाव. ते मंगरूळपीर तालुक्यात असून आज वाशीम जिल्ह्यात मोडते. आमच्या लहानपणी, म्हणजे १९९८ साली वाशीम जिल्हा निराळा होण्यापूर्वी, ते अकोला जिल्ह्यात होते. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ, असा तो मुलूख. तालुक्याच्या गावी बिरबलनाथांची यात्रा भरते आणि तेथेच दादा हयात कलंदर यांचा दर्गाही आहे. गावचे लोक दोहोंकडे सारख्याच श्रद्धेने जात. आमचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच. आम्हांस कोणी उघड छळिले असे म्हणणे खोटे होईल. वडिलांस सारे ‘गुरुजी’ म्हणून मान देत. तथापि लग्नाच्या पंगतीत आमचे पान जरासे बाजूस मांडिलेले असे आणि एका घरी आमच्या ओंजळीत पाणी वरून ओतीत. कोठे बसावे हे आम्हांस कोणी सांगावे लागत नसे. न सांगता बाजूस बसण्याची विद्या आम्ही अक्षरांच्याही आधी शिकलो होतो. हे येथे नमूद करण्याचे कारण इतकेच की, पुढे आम्ही जे केले ते अजाणतेपणी केले, अशी सबब आम्हांस सांगता येऊ नये.

१९९२ च्या जून महिन्यात मातोश्रींचे दुखणे लांबल्यामुळे आम्हांस मुंबईस मामांकडे धाडण्यात आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. मामा रेल्वेत कामास होते आणि भायखळ्यास एका जुन्या तीन मजली चाळीत राहत. एक खोली आणि सहा माणसे. शाळेत आमच्या ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ या वऱ्हाडी बोलण्याची यथेच्छ टर उडविली जाई, म्हणून आम्ही बोलणेच सोडून दिले होते. संध्याकाळी अभ्यासासाठी घरात जागा नसल्यामुळे पहिल्या मजल्याच्या जिन्यावर, दिव्याखाली बसत असू.

एका सायंकाळी रविवारच्या वर्गासाठी तेविसावे स्तोत्र पाठ करीत आम्ही तेथे बसलो होतो. प्रभूस मेंढपाळ म्हटले आहे ते हे स्तोत्र आपणांस परिचितच आहे. मध्येच आम्ही अडखळलो. तोच पायरीवर थांबलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पुढला चरण आम्हांस सांगितला, आणि मग डोळे मिटून सबंध स्तोत्र कोणत्या तरी अपरिचित भाषेत हलक्या चालीवर म्हटले. पांढरी दाढी, डोक्यावर काळी गोल टोपी, जाड भिंगांचा चष्मा, हातात भाजीची पिशवी. आम्ही चकित होऊन विचारिले, ‘आजोबा, हे तुमच्याही शास्त्रात आहे?’ ते हसून म्हणाले, ‘बाळ, आमच्याच घरून ते तुमच्या घरी आले.’

हे आजोबा बेने-इस्राएल समाजाचे, म्हणजे महाराष्ट्रातील मराठी बोलणारे यहुदी असून आपल्या प्रार्थनामंदिरात हजान होते. हजान म्हणजे उपासना चालविणारा. रब्बी म्हणजे धर्मशास्त्राचा पदवीधर पंडित. तसे पंडित या समाजात पूर्वापार नव्हते, त्यामुळे हजानासच लोक गुरुस्थानी मानीत. चाळीत त्यांस ‘हजानसाहेब’ म्हणत. त्यांची पत्नी वारली होती, मुले परदेशी होती आणि तिसऱ्या मजल्यावर ते एकटेच राहत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस वर बोलाविले. दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी तिरपी बसविलेली होती. आत चर्मपत्रावर शास्त्रवचने लिहिलेली असतात व तिला मझुझा म्हणतात, असे त्यांनी सांगितले. येता-जाता ते तिला बोट लावून ते ओठांस लावीत.

तेव्हापासून आमचा रोजचा परिपाठ ठरून गेला. सकाळी नळास पाणी आले की आम्ही त्यांची एक कळशी वर नेऊन देत असू आणि संध्याकाळी तास अर्धा तास त्यांच्यापाशी बसत असू. आमच्या वऱ्हाडी बोलीस ते कधी हसले नाहीत. उलट ‘काऊन म्हणजे काय?’ असे मोठ्या कुतूहलाने विचारीत आणि आपल्या कुलाब्याकडचा एखादा शब्द बदल्यात देत. त्यांच्या समाजाची परंपरा अशी की, पुष्कळ शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते लोक कोकणच्या गावोगाव वसले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी बैल सोडून घाणा बंद ठेवू लागले. म्हणून लोकांनी त्यांस ‘शनवार तेली’ हे नाव दिले. गावावरून आडनावेही पडली: केहीमकर, दिवेकर, राजपूरकर. १७९६ साली समुएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधिले. पुढे मिशनरी मंडळींशीही त्यांचा संबंध आला, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून छापिले, ते याच लोकांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर हे लोक आपल्या शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तनेही करू लागले. आजोबांस त्यांतील पदे येत असत आणि योसेफाची गोष्ट ते टाळी वाजवून, अगदी हरिदासी थाटाने सांगत.

आम्हांस सर्वांत नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. एके दिवशी त्यांनी विचारिले, ‘तुला हिब्रू किती येते?’ आम्ही म्हटले, ‘मुळीच नाही.’ ‘प्रार्थनेच्या शेवटी काय म्हणतोस?’ ‘आमेन.’ ‘देवाची स्तुती करताना?’ ‘हालेलूया.’ ‘आणि रविवारच्या वर्गास काय म्हणतोस?’ ‘शब्बाथ शाळा.’ आजोबा म्हणाले, ‘झाले तर! तीन शब्द आले. मात्र शब्बाथ तू एक दिवस उशिरा पाळतोस.’ त्यांच्या घरी एकदा मलिदा खाल्ल्याचेही आम्हांस स्मरते. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे यांचा तो प्रसाद एलिया संदेष्ट्याच्या स्मरणार्थ करितात. आसेगावास पंगतीत बाजूस बसणाऱ्या आम्हांस त्या दिवशी कोणी तरी आपल्या ताटाशेजारी बसवून घेतले होते.

परंतु ही मैत्री गल्लीस रुचली नाही. दाढी-टोपीवरून कोणी आजोबांस मुसलमान समजून टोमणे मारी. तर कोणी ते यहुदी आहेत हे ओळखून पॅलेस्टाईनमधील भांडणाचा राग त्यांच्यावर काढी. त्यांच्या पायांपुढे केळ्यांच्या साली टाकणारी मुले सर्वच आळ्यांतील होती. आणि आम्ही ख्रिस्ती लोक तरी मागे होतो काय? मामींस आमचे वर जाणे आवडत नसे. आमच्याच मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस बजाविले की, ‘ज्यांनी प्रभूस वधस्तंभी दिले, त्यांच्या घरचे पाणी पिऊ नये.’ पाणी पिऊ नये! हे शब्द आम्ही आसेगावास ऐकिले होते. फरक इतकाच की तेथे ते आमच्याविषयी उच्चारिलेले होते.

आम्ही पोरबुद्धीने तो प्रश्न सरळ आजोबांपुढेच ठेविला: ‘तुम्ही प्रभूला का मारिले?’ ते क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, ‘आमचे वाडवडील सांगत की त्या काळाच्या आधीच आमचे लोक तो देश सोडून निघाले होते. ते कोकणात तीळ गाळीत बसले असतील. त्या खटल्याची बातमीदेखील त्यांस कोणी कळविली नाही.’ असे म्हणून ते हसले; पण लगेच गंभीर होऊन त्यांनी विचारिले, ‘बाळ, तुझ्या प्रभूची आई कोणत्या लोकांतली?’ आम्ही निरुत्तर झालो. एका पिढीतील काही जणांच्या कृत्याचा दोष साऱ्या वंशावर कायमचा लादू नये, हे रोमन मंडळीच्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत जाहीर केले. पण ते होईपर्यंत युरोपात सुमारे साठ लक्ष यहुदी त्या व तसल्याच द्वेषापायी मारिले गेले होते. वरील गृहस्थांचे वाक्य कोठवर जाऊन पोहोचते, ते यावरून ध्यानी यावे.

आजोबांस परके म्हणणारे केवळ परकेच होते असेही नाही. त्यांचे धाकटे बंधू इस्राएल देशी जाऊन राहिले, तेव्हा तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी हे हिंदुस्थानातून आलेले लोक खरे यहुदी आहेत की नाहीत, अशी शंका काढून विवाहसंबंधांत अडथळे आणिले होते. त्या देशाच्या संसदेने १९६४ साली हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा निर्वाळा दिला, तेव्हा कोठे तो वाद शमला. ‘इकडचे म्हणतात तुम्ही तिकडचे, तिकडचे म्हणाले तुम्ही इकडचे,’ असे आजोबा सांगत. त्यात कडवटपणा नसे, पण ते सांगताना ते चष्मा काढून पुसत असत.

त्या वर्षीच्या डिसेंबरच्या ६ तारखेस अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली आणि मुंबईत दंगे उसळले. ते शमतात न शमतात तोच जानेवारी १९९३ मध्ये त्याहूनही भयंकर वणवा पेटला. दोन्ही वेळच्या दंग्यांत मिळून सुमारे नऊशे माणसे प्राणांस मुकली, असे पुढे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. आम्ही पाहिले ते एवढेच की, रात्री आकाश तांबडे दिसे, दुकाने बंद असत, संचारबंदीमुळे दूध मिळत नसे आणि कालपर्यंत एकमेकांस साखर उसनी देणारी माणसे एकमेकांच्या दारांवरील पाट्या वाचू लागली होती. मामींनी आमच्या दारावर लाकडी क्रूस टांगिला. तो भक्तीने टांगिला नव्हता, हे आम्हांसही कळत होते.

तळमजल्यावर पावाच्या भट्टीवर काम करणारा एक मुसलमान कारागीर पत्नी व दोन लहान मुलींसह राहत असे. संचारबंदीत तो भट्टीवरच अडकून पडला होता. एके रात्री त्या मायलेकी घरातून नाहीशा झाल्या. त्या कोठे गेल्या हे चाळीत कोणी कोणास विचारिले नाही. आम्हांस मात्र ठाऊक होते. कारण सकाळी कळशी घेऊन वर गेलो असता आजोबांनी दार थोडेसेच उघडून हळूच म्हटले होते, ‘बाळ, आज दोन कळशा लागतील.’

त्याच दिवशी दुपारी वीसएक माणसांचा जमाव चाळीत शिरला. हातांत लाठ्या आणि सळया होत्या. मामा कामावर अडकले होते. मामींनी दार लावून घेतले, पण आम्ही जिन्यावरच सापडलो. ज्या पायरीवर आम्ही स्तोत्र पाठ करीत होतो, त्याच पायरीवर. एकाने दंड धरून विचारिले, ‘ए पोरा, वर दाढीवाला म्हातारा राहतो, तो कोण?’

‘माहीत नाही.’

‘तू त्याच्याकडे जातोस म्हणे?’

‘नाही. मी त्याला ओळखत नाही.’

मान वर केली तो तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी आजोबा उभे असलेले दिसले. त्यांनी ऐकिले होते.

जमाव आम्हांस ढकलून वर गेला. आजोबा आत पळाले नाहीत. त्यांनी आपल्यामागे दार ओढून घेतले आणि ते त्यास पाठ लावून उभे राहिले. कोणी त्यांची टोपी उडविली. कोणी मनगटावर लाठी मारिली. त्यांचा चष्मा उडाला आणि पायऱ्यांवरून आदळत आमच्या पायांशी येऊन पडला. ‘दार उघड,’ असे सारे ओरडत होते. आजोबा मोठ्याने म्हणाले, ‘बाबांनो, मी शनवार तेली आहे. अलिबागकडचा.’

जमावातील पुष्कळांस तो शब्द कळलाच नाही. पण मागे उभा असलेला एक उतारवयाचा मनुष्य पुढे आला. त्याच्याही हातात लाठी होती. त्याने विचारिले, ‘गाव कोणते?’ आजोबांनी सांगितले. ‘तुमच्या आळीला विहिरीपाशी घाणा कोणाचा?’ ‘आमच्या चुलत्यांचा.’ तो मनुष्य जरा वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग इतरांस म्हणाला, ‘आमच्या आजीचे तेल यांच्याच घाण्यावरून यायचे. शनिवारी मिळायचे नाही. चला खाली.’ आणि तो जमाव खाली उतरला. जाताना त्या मनुष्याने टोपी उचलून आजोबांच्या हाती दिली. दार उघडले गेले नाही. त्या दाराआड एक आई आपल्या दोन्ही मुलींच्या तोंडांवर हात ठेवून बसली होती.

वाचकहो, थोडा विचार करा. ज्याने सात महिने त्यांचे मीठ खाल्ले, त्याने ओळख नाकारिली. आणि जो लाठी घेऊन आला होता, त्याने ती पटविली. आम्ही खरे सांगितले असते तर जमाव तेथूनच परतला असता की नाही, हे देव जाणे. कदाचित् नसताही परतला. पण आमचा अपराध त्यावर अवलंबून नाही. पेत्राने अंगणातील शेकोटीपाशी प्रभूस तीनदा नाकारिले, ही गोष्ट आम्हांस तोंडपाठ होती. शब्बाथ शाळेत तीवर बक्षीसही मिळाले होते. आम्ही दोनदाच नाकारिले खरे; पण ते केवळ तिसऱ्यांदा कोणी विचारिले नाही म्हणून.

आम्ही चष्मा उचलिला. एक भिंग तडकले होते. तो वर नेऊन देण्याचे धैर्य झाले नाही. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर तो ठेवून आम्ही घरात पळालो. पुढले चार दिवस पाण्याची कळशी मामेभावाने नेली. पाचव्या दिवशी, गाव सोडून निघालेल्या माणसांनी खचाखच भरलेल्या गाडीत मामांनी आम्हांस बसवून दिले. अकोल्यास उतरून तेथून एस्. टी. ने आसेगावास पोहोचेपर्यंत आम्ही कोणाशी एक शब्द बोललो नाही.

गावी तुरीची मळणी चालू होती. मातोश्री पुष्कळशा बऱ्या झाल्या होत्या. ‘दंग्यात पोर घाबरले,’ असे सारे म्हणत आणि आम्ही म्हणू देत होतो. तीन आठवड्यांनी एका रात्री अंगणातील निंबाखाली वडिलांपाशी निजलो असता ते सारे आमच्याने सांगितले गेले. वडील फारसे बोलत नसत. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढेच विचारिले, ‘पंगतीत तुझे पान बाजूस मांडीत, तेव्हा आपल्या ओळीतून कोणी उठून तुझ्याजवळ येऊन बसावे, असे तुला कधी वाटे का?’ आम्ही म्हटले, ‘दर वेळी.’ ते म्हणाले, ‘मग त्यांसही वाटले असेल.’ सकाळी त्यांनी पंधरा पैशांचे एक पोस्टकार्ड आमच्यापुढे ठेविले आणि म्हटले, ‘देवापाशी तू रडलास, ते ठीक झाले. आता ज्याचे देणे आहे त्यास लिही.’

त्या कार्डावर चार ओळी लिहिण्यास आम्हांस सबंध दिवस लागला. आज इतकी वर्षे निबंध शिकवितो आहो, पण त्याहून कठीण निबंध आम्ही लिहिलेला नाही.

उत्तर पंधरा दिवसांनी आले. मनगट दुखावल्यामुळे अक्षर वाकडे झाले होते. ते कार्ड आजही आमच्यापाशी आहे. आजोबांनी लिहिले होते की, चष्म्याचे भिंग नवे बसविले; चष्मा पायरीवर नीट उचलून कोणी ठेविला तेही आपण जाणतो; मायलेकी सुखरूप आहेत. पुढे लिहिले होते: ‘आमच्यात वर्षातून एकदा योम किप्पूर नावाचा मोठा उपास असतो. देवाचे जे अपराध केले त्यांची क्षमा त्या दिवशी देवाजवळ मागतात. पण माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय तो दिवसही उपयोगी पडत नाही, असे आमचे वडील शिकवीत. तू मागितलीस, मी दिली, हिशोब मिटला. तू म्हणालास की मी यांना ओळखत नाही. ते अगदीच खोटे नव्हते. सात महिन्यांत माणूस किती ओळखणार? आता ओळखतोस. पुढे कोणी विचारील तेव्हा सांग.’

पुढे आजोबा आपल्या मुलांकडे इस्राएल देशी गेले. तेथूनही त्यांची देवनागरी पत्रे येत. त्या देशात मराठी बोलणारे हजारो लोक आहेत आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघत असे. आम्ही नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात असताना पत्रे थांबली, आणि त्याचा अर्थ आम्ही समजलो. आज महाराष्ट्रात यहुदी लोक काही हजारच उरले आहेत. राज्य शासनाने २०१६ साली त्यांस अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली.

आम्ही शिक्षक होऊन फार वर्षे झाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. २००८ च्या नोव्हेंबरच्या २६ तारखेस मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला आणि कुलाब्यातील नरिमन हाऊस या यहुदी अतिथिगृहात शिरून रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांचे पाहुणे यांस ठार केले. त्या घरी मुलास सांभाळणारी सँड्रा सॅम्युएल नावाची एक ख्रिस्ती बाई होती. एका मुसलमान सहकाऱ्यासह तिने खालच्या मजल्यावरील खोलीत रात्र काढिली. सकाळी वरून मुलाचे रडणे ऐकू आले. खालचा मार्ग बाहेर जात होता. ती वर गेली, आणि मृत आईबापांपाशी बसलेल्या त्या जेमतेम दोन वर्षांच्या मोशेस उचलून बाहेर घेऊन आली. पुढे त्याच्याबरोबर ती परक्या देशीही जाऊन राहिली. मोशे अकरा वर्षांचा झाल्यावर २०१८ च्या जानेवारीत पुन्हा मुंबईस येऊन गेला.

ते वृत्त वाचिले तेव्हा आम्ही आपल्या खोलीत बराच वेळ उगाच बसून राहिलो. त्या बाईजवळ कोणती पदवी होती? कोणते शास्त्र तिने पढले होते? पण एका जिन्यावर ती वर गेली. आणि एका जिन्यावर आम्ही, बक्षीस मिळविलेले विद्यार्थी, खालीच उभे राहिलो.

मित्रहो, दंगे रोज होत नाहीत आणि ते कधीच न होवोत. परंतु ‘हा तुझा कोण?’ हा प्रश्न मात्र रोज विचारिला जातो. मैदानावर, वसतिगृहात, लग्नाच्या पंगतीत आणि पाण्याच्या टाकीजवळही. जगातील द्वेष तुम्ही-आम्ही एका दिवसात नाहीसा करू शकणार नाही. तथापि ‘होय, हा माझा मित्र आहे’ एवढे पाच शब्द बोलण्यास कोणत्याही सामर्थ्याची गरज लागत नाही, आणि त्या वेळी न बोललेले ते शब्द मनुष्याच्या घशात तीस वर्षे रुतून राहतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पालकांसही एक विनंती आहे. आपण घरी सहज बोललेले वाक्य मूल जिन्यावर घेऊन जाते. ते वाक्य कोणते असावे, याचा विचार करावा.

आणि तू, ज्याच्यासाठी हे लिहिले आहे! तुझे नाव आम्ही कोणास सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. तुला आम्ही रागे भरलो नाही, ते का, हे आता तुला कळले असेल. आम्हांस पोस्टकार्ड लिहावे लागले आणि उत्तराची पंधरा दिवस वाट पाहावी लागली. तुला तितकेही श्रम नाहीत. तुझा मित्र अजून त्याच बाकावर, तुझ्यापासून एका हाताच्या अंतरावर बसतो.